पोस्टचं बटण कोणाच्या हातात? क्वीन्सलँडचा २०११ चा पूर: एक प्रकरण अभ्यास

पोलिस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका सेवा यांनी समाजमाध्यमांवर का यावं, याचं सरकारी टिपणातलं उत्तर ठरलेलं असतं: ‘नागरिकांपर्यंत पोहोचण्यासाठी’. उत्तर चुकीचं नाही, पण त्यातून हाती काही लागत नाही. पोहोचायला रेडिओ होता, टीव्ही होता, वर्तमानपत्रं होती. भर आपत्तीत या तिघांनाही अधिकाऱ्यांकडून बातमी हवीच असते. मग आणखी एक दार उघडायचं, तिथे रात्रंदिवस माणूस बसवायचा आणि वर चारचौघांत लोकांची बोलणी खायची, ही हौस कोणाला? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याच्या पोलिसांनी जानेवारी २०११ च्या महापुरात जे केलं, ते या प्रश्नासाठी मला सगळ्यात उपयोगाचं वाटतं. यशाची कहाणी म्हणून ते पुष्कळदा सांगून झालं आहे. मला मात्र त्यात कचेरीच्या आतलं कामकाज नेमकं कुठे मोडलं आणि कुठे नव्याने जुळलं, तेवढंच पाहायचं आहे.

पुराआधीचे आठ महिने

क्वीन्सलँड पोलिसांच्या माध्यम विभागाने मे २०१० मध्ये फेसबुक, ट्विटर आणि यूट्यूबवर खाती उघडली, तीही प्रयोग म्हणून. विभागाच्या प्रमुख किम चार्लटन होत्या. त्यांच्यासमोर तीन हेतू होते. पोलिसांच्या नावाने दुसऱ्याच कोणी दुकान मांडण्याआधी ती जागा आपण धरायची, हा पहिला. लोकांशी एकतर्फी न बोलता संवाद ठेवायचा, हा दुसरा. आणि आपत्ती येण्याआधीच पानाशी जोडलेल्या लोकांचा एक ऑनलाइन समुदाय जमवून ठेवायचा, हा तिसरा. कागदावर तिसरा हेतू सगळ्यात गुळमुळीत दिसतो. वरिष्ठांसमोर मांडताना तर नक्कीच तसा दिसला असणार. पुढे सगळं तरलं ते त्याच्यावर.

पार्श्वभूमीला दुसऱ्या एका राज्यातली ताजी जखम होती. ७ फेब्रुवारी २००९ रोजी व्हिक्टोरिया राज्यात वणव्यांनी १७३ माणसांचा बळी घेतला. त्यानंतर नेमलेल्या रॉयल कमिशन या चौकशी आयोगाने धोक्याचे इशारे वेळेवर आणि पुरेसे मिळाले नाहीत, यावर कडक बोट ठेवलं. त्यानंतर देशभर ठरावीक भागातल्या फोनवर इशारा पाठवण्याची ‘इमर्जन्सी अलर्ट’ यंत्रणा उभी राहिली. इशारा वेळेवर दिला का, हा प्रश्न आता ऑस्ट्रेलियात कोणत्याही आपत्तीनंतर चौकशी आयोगासमोर विचारला जाणार, हे प्रत्येक आपत्कालीन सेवेला कळून चुकलं होतं.

माध्यम कक्षाचा रोजचा रस्ता कसा असतो, ते सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. घटना घडते. घटनास्थळावरचा अधिकारी नियंत्रण कक्षाला कळवतो. माध्यम कक्ष माहिती गोळा करून मसुदा करतो. तो वर जातो. वरिष्ठ दोन शब्द बदलतात, एक वाक्य काढतात, मग संमती देतात. पत्रक निघतं. पत्रकारांचे फोन सुरू होतात, प्रत्येकाला तेच उत्तर पुन्हा द्यावं लागतं आणि शेवटी बातमी पुढच्या बुलेटिनला लागते. घरफोडीच्या बातमीला हा उशीर चालून जातो. नदी चढत असताना मात्र तासाभरापूर्वी ‘रस्ता सुरू आहे’ म्हणणारं पत्रक एखाद्याला थेट पाण्यात नेऊन सोडू शकतं.

पहिल्या काही महिन्यांत या खात्यांवर किरकोळ गोष्टी चालल्या: बेपत्ता व्यक्तींची माहिती, अपघात, बंद रस्ते, तपासासाठी आवाहनं. पानावर काही हजार माणसं होती. पण याच काळात कक्षाने एक गोष्ट शिकून घेतली, जी कुठल्याही कार्यशाळेत शिकवता येत नाही: लोकांच्या प्रतिक्रियांचं काय करायचं. खटला सुरू असलेल्या प्रकरणात कोणी आरोपीचं नाव घेऊन त्याला दोषी ठरवून मोकळा होतो, ती प्रतिक्रिया काढावीच लागते. दुसरा पोलिसांना आळशी म्हणतो, ती राहू द्यावी लागते. तिसरा प्रश्न विचारतो, त्याला उत्तर द्यावं लागतं. कोणती प्रतिक्रिया कोणत्या खणात टाकायची, याचा हात बसायला वेळ लागतो आणि तो वेळ त्यांना शांततेच्या काळात मिळाला.

१० जानेवारी

ऑस्ट्रेलियात जास्त पाऊस आणणाऱ्या ला निनाचं वर्ष होतं. डिसेंबर २०१० हा क्वीन्सलँडच्या नोंदींमधला सर्वांत ओला डिसेंबर ठरला. नाताळच्याच दिवशी टाशा नावाचं चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं. थिओडोर हे अख्खं गाव रिकामं करावं लागलं, एमराल्डमध्ये आणि रॉकहॅम्प्टनमध्ये पाणी शिरलं. राज्याच्या तीन चतुर्थांशाहून अधिक भागाला आपत्तीग्रस्त ठरवण्यात आलं. जमीन पाण्याने तुडुंब झाली होती, आणखी पाऊस मुरायला जागाच नव्हती.

१० जानेवारीच्या दुपारी पाऊस टूवूम्बावर कोसळला. हे शहर डोंगरमाथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर आहे. इथे पूर येईल, अशी भीती सामान्य माणसाला सहसा वाटत नाही. गावातून वाहणारे दोन ओढे, ईस्ट क्रीक आणि वेस्ट क्रीक, काही मिनिटांत रस्त्यांवर आले आणि उभ्या गाड्या एकमेकींवर आदळत वाहून जाऊ लागल्या. ही दृश्यं लोकांनी दुकानांच्या आणि कचेऱ्यांच्या खिडक्यांमधून फोनवर टिपली आणि लगेच इंटरनेटवर चढवली. इकडे पाणी डोंगर उतरून लॉकियर खोऱ्यात गेलं. तिथल्या ग्रँटम या छोट्या गावात १२ माणसं मेली. त्या मोसमातल्या पुरांनी राज्यात तिसाहून अधिक बळी घेतले, त्यातले निम्म्याहून अधिक याच पट्ट्यातले.

तेच पाणी आता खाली ब्रिस्बेनकडे निघालं होतं. राजधानीच्या रहिवाशांच्या हातात टूवूम्बाचे व्हिडिओ होते, पण आपल्या घराबद्दल त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. नदी कुठवर चढेल? आमची गल्ली त्यात येते का? आईला इप्सविचहून आणायचं तर महामार्ग चालू आहे का? महापालिकेच्या संकेतस्थळावर पूररेषेचे नकाशे होते. ते पाहायला एवढी गर्दी लोटली की संकेतस्थळच कोलमडलं. नेमकं हवं तेव्हा ते उघडेना.

१० जानेवारीच्या पुरानंतरच्या चोवीस तासांत पोलिसांच्या फेसबुक पानाला लाइक करणाऱ्यांची संख्या सुमारे १७ हजारांवरून एक लाखावर गेली. पंधरवड्यात ती १ लाख ६५ हजारांच्या घरात होती. ११ जानेवारीच्या एका दिवसात पानावरच्या मजकुराच्या ३ कोटी ९० लाख ‘इम्प्रेशन्स’ नोंदल्या गेल्या, म्हणजे सेकंदाला साधारण साडेचारशे. हा आकडा भाषणांमध्ये फार वापरला जातो, म्हणून इथेच थोडं थांबतो. क्वीन्सलँडची तेव्हाची लोकसंख्या होती सुमारे ४५ लाख. ३ कोटी ९० लाख ही वाचणाऱ्या माणसांची संख्या नव्हे. एखादी पोस्ट कोणाच्या तरी पडद्यावर किती वेळा आली, त्याची ती मोजदाद आहे. एकच बाई रात्रभर दर दहा मिनिटांनी पान ताजं करत बसली असेल, तर तिची मोजणी शेकड्यांत होते. माझ्या मते मोल आहे ते या वारंवार परत येण्यालाच. ताजी माहिती इथेच मिळते अशी खात्री असल्याशिवाय माणूस एका जागी पुन्हा पुन्हा येत नाही.

सही कुठे गेली?

राज्याच्या आपत्ती समन्वय केंद्रात प्रीमियर (म्हणजे राज्याच्या मुख्यमंत्री) ॲना ब्लाय, राज्य आपत्ती समन्वयक असलेले पोलिस उपायुक्त इयान स्ट्युअर्ट, हवामान खातं, धरणं, वीज, रस्ते अशा सगळ्यांच्या बैठका होत. बैठकीनंतर पत्रकार परिषद. माध्यम विभागाची माणसं तिथेच बसलेली असत. जुन्या पद्धतीने त्यांनी टिपणं घेऊन कचेरीत जायचं, पत्रक करायचं, ते वर पाठवायचं. नव्या पद्धतीत त्यांनी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि समन्वयक बोलत असतानाच एकेक मुद्दा पोस्ट करायला सुरुवात केली. अमुक रस्ता बंद. अमुक उपनगरातल्या लोकांनी उंचावर जावं. निवाऱ्याची सोय आरएनए शोग्राउंड्सवर. नदीचा नवा अंदाज असा. पत्रकार परिषदेचं चित्रीकरणही लगोलग चढत होतं.

पाहणाऱ्याला यात विशेष काही वाटत नाही. पण सरकारी कचेरीत ज्याने चार वर्षं काढली आहेत, त्याला विचारा. मसुदा, संमती, सही, प्रसिद्धी या साखळीतली मधली दोन कडी काढून टाकली होती. जबाबदार अधिकारी ज्या क्षणी सगळ्यांसमोर बोलला, त्या क्षणी संमती मिळाली असं धरायचं आणि पोस्टचं बटण कक्षातल्या कनिष्ठ माणसाने दाबायचं. चुकलं तर? ही भीती खरी आहे आणि ती केवळ खुर्ची सांभाळण्याची नसते. चुकीच्या उपनगराचं नाव गेलं तर हजार माणसं विनाकारण घरं सोडतात, किंवा सोडायला हवीत ती सोडत नाहीत.

पण या भीतीला तोलणारी दुसरी बाजू आता समोर आली होती. पत्रक तासाने निघेल, त्या तासात लोक गप्प बसत नाहीत. ते एकमेकांना विचारतात, ऐकीव माहिती पुढे ढकलतात, जुने फोटो आजचे म्हणून फिरवतात. अधिकृत आवाज नसला की त्याची जागा रिकामी राहत नाही. उशिरा दिलेली अचूक माहिती आणि लगेच दिलेली, गरज पडल्यास दहा मिनिटांत दुरुस्त करता येणारी माहिती यांतून निवड करायची होती. क्वीन्सलँडने दुसरी निवडली. पुढे पोलिसांनी या अनुभवावर स्वतःच एक अभ्यास लिहिला. त्यात इतर खात्यांना दिलेला मला सगळ्यात धाडसी वाटणारा सल्ला हाच होता: संमतीच्या पायऱ्यांचा फेरविचार करा आणि माहिती बाहेर सोडण्यासाठी आपल्या माणसांवर विश्वास ठेवा. त्याच्या जोडीला दुसरा: सुरुवात आताच करा, गरज पडेपर्यंत थांबलात तर वेळ निघून गेलेली असेल.

ट्विटरवर तेव्हा १४० अक्षरांची मर्यादा होती. त्याचा एक अनपेक्षित फायदा झाला. ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की’ एवढ्यातच पाव जागा संपते. सरकारी भाषेला अंग चोरायला वावच उरला नाही. कोणता रस्ता, कधीपासून, काय करायचं. बस.

धरण फुटलं, म्हणे

ब्रिस्बेनच्या वरच्या अंगाला विवेनहो धरण आहे. १९७४ च्या पुरात शहरातली नदी ५.४५ मीटरपर्यंत चढली होती, त्यानंतरच्या वर्षांत हे धरण उभं राहिलं. पाणीपुरवठा आणि पूरनियंत्रण अशी दोन्ही कामं ते करतं. अफवेचं मूळही त्यातच होतं.

धरणाची पातळी टक्क्यांत सांगितली जाते. १०० टक्के म्हणजे पिण्याच्या पाण्यासाठीचा साठा पूर्ण भरला, सुमारे ११६५ दशलक्ष घनमीटर. त्याच्या वर पूर थोपवण्यासाठी आणखी सुमारे १४५० दशलक्ष घनमीटरची जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते. म्हणजे या मोजमापात धरण जवळजवळ २२५ टक्क्यांपर्यंत भरू शकतं. ११ जानेवारीला पातळी १९० टक्क्यांच्या आसपास पोहोचली. आता ज्याला ही मोजणीची रीत ठाऊक नाही, त्याने रेडिओवर ‘धरण १९० टक्के भरलं’ ऐकलं तर त्याने काय समजावं? शंभरावर टक्के असतातच कसे? म्हणजे धरण फुटायला आलं! हा तर्क मूर्खपणाचा नाही. मिळालेल्या आकड्यावरून सरळ मनाने काढलेला निष्कर्ष आहे. आपत्तीतल्या कितीतरी अफवा अशाच जन्मतात. खरा आकडा असतो, पण त्याचा संदर्भ वाटेत गळून पडलेला असतो.

विवेनहो धरण फुटणार, ही बातमी पसरली. पोलिसांच्या माध्यम कक्षाने ट्विटरवर ‘मिथबस्टर’ असा हॅशटॅग लावून थेट खुलासा केला: विवेनहो धरण फुटण्याच्या बेतात नाही. इतर अफवांनाही याच हॅशटॅगखाली उत्तरं गेली.

आपल्या परिचयाचं ‘अफवांवर विश्वास ठेवू नये’ हे आवाहन आणि हा खुलासा यांत मोठा फरक आहे. पहिल्यात कोणत्या अफवेवर, तेच सांगितलेलं नसतं. मी ऐकलेली गोष्ट अफवा आहे की बातमी, हेच तर मला ठरवता येत नाहीये. ‘मिथबस्टर’ मध्ये अफवेचं नाव घेऊन तिला उत्तर दिलं जायचं आणि हॅशटॅगमुळे ते शोधता यायचं, पुढे पाठवता यायचं. अफवेचा उच्चार केल्याने ती आणखी पसरते, असा आक्षेप घेतला जातो. ज्या अफवा अजून कोपऱ्यात आहेत, त्यांच्या बाबतीत तो मला पटतो. पण जी गोष्ट शहरभर बोलली जात आहे, तिच्याबद्दल मौन पाळणं म्हणजे तिला मूकसंमती देण्यासारखं आहे. शिवाय वृत्तवाहिन्यांचे लोक हेच खातं पाहत होते. त्यामुळे चुकीची गोष्ट बातमी म्हणून छापून येण्याआधीच बऱ्याचदा खोडली गेली.

धरण फुटलं नाही. १३ जानेवारीच्या पहाटे नदी ४.४६ मीटरवर थांबली. आधीचे अंदाज १९७४ ची पातळी गाठण्याचे होते, त्यापेक्षा ती जवळपास मीटरभर खाली राहिली. तरी हजारो घरांत पाणी शिरलंच. पण धरणातून पाणी सोडण्याचे निर्णय बरोबर होते का, हा प्रश्न वेगळा होता आणि तो पुढे अनेक वर्षं कोर्टात राहिला. २०१९ मध्ये न्यू साऊथ वेल्सच्या सुप्रीम कोर्टाने धरण चालवणाऱ्यांना निष्काळजी ठरवलं. त्यांपैकी सीक्वॉटर या सरकारी पाणीपुरवठा संस्थेविरुद्धचा निकाल २०२१ मध्ये अपिलात फिरला. ट्वीट करणारा कक्ष ‘धरण फुटणार नाही’ एवढंच सांगू शकत होता आणि तेवढंच त्याने सांगितलं. ‘धरण नीट चालवलं जातंय’ असं त्याने म्हटलं असतं, तर पोलिस त्या वादात ओढले गेले असते. आपल्याला जेवढं पक्कं माहीत आहे तेवढंच बोलण्याची ही शिस्त वेगापेक्षाही अवघड आहे.

उलट दिशेने येणारी माहिती

क्वीन्सलँडमधल्या विद्यापीठीय संशोधकांनी नंतर या काळातल्या ट्विटरचा अभ्यास केला. १० ते १६ जानेवारीच्या आठवड्यात पुराच्या मुख्य हॅशटॅगवर ३५ हजारांहून अधिक ट्वीट्स झाली, १५ हजारांहून अधिक खात्यांवरून. त्यांत सर्वाधिक पुढे पाठवलं गेलेलं खातं पोलिसांच्या माध्यम कक्षाचं होतं. मला यातला एक तपशील फार बोलका वाटतो. ट्विटर वापरणारे तेव्हा राज्यात मूठभरच होते, फेसबुकवाल्यांच्या तुलनेत तर फारच थोडे. पण त्या मूठभरांत पत्रकार होते, आणीबाणीत काम करणारे स्वयंसेवक होते, गल्लीगल्लीत माहिती पोहोचवणारे लोक होते. ट्विटरवरून माहिती त्यांच्या हाती जायची आणि तिथून रेडिओवर, शेजारच्या दारात. फेसबुकवर याउलट घरगुती प्रश्न यायचे आणि त्यांना नावानिशी उत्तरं जायची. एकाच कक्षाला दोन वेगवेगळ्या सुरांत बोलावं लागलं.

प्रश्नांमधूनही बातमी मिळते, हे कक्षाच्या लवकरच लक्षात आलं. एखाद्या भागातले लोक रस्त्याबद्दल विचारू लागले, तर तिथे काहीतरी घडतंय. एकच गैरसमज पुन्हा पुन्हा दिसला, तर आधीची पोस्ट अस्पष्ट होती. नियंत्रण कक्षाला जमिनीवरचं चित्र मिळवायला गस्तीच्या गाड्या आणि हेलिकॉप्टर असतात. त्यांना न दिसणारं बरंच काही लोक आपण होऊन सांगत होते.

मात्र इथेच या प्रकरणातली सगळ्यात अवघड गाठ आहे. जिथे पोलिस उत्तर देतात, तिथे माणूस मदतही मागणार. ऑस्ट्रेलियात जिवावरच्या संकटात ०००, पूर-वादळात राज्याच्या आपत्कालीन सेवेला १३२ ५००, असे क्रमांक ठरलेले आहेत. पानावर मदत मागू नका, फोन करा, हे पोलिसांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. कारण सरळ होतं: फोन उचलणाऱ्याला पत्ता विचारता येतो, पथक रवाना करता येतं, नोंद राहते. शेकडो प्रतिक्रियांच्या तळाशी पडलेली ‘आम्ही छतावर आहोत’ ही ओळ कोणाच्या नजरेस पडेलच, याची हमी नाही. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, सँडी वादळात न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलानेही ट्विटरवर मदत मागू नका असंच जाहीर केलं. तरी लोकांनी मागितली आणि खातं सांभाळणाऱ्या कर्मचारी महिलेने रात्रभर ती हाक नियंत्रण कक्षाकडे पोहोचवली. नियम एक आणि माणुसकी दुसरीच. समोर दिसणाऱ्या हाकेला ‘हा क्रमांक फिरवा’ असं उत्तर देऊन कोण पुढे जाणार? दार उघडायचं ठरवलं तर या गोष्टीची तजवीज आधी हवी: कोण पाहणार, कोणाला कळवणार, आणि रात्री तीन वाजता कोण बसणार.

मग खरं कारण कोणतं?

क्वीन्सलँड पोलिसांना समाजमाध्यमांनी काय दिलं, याची गोळाबेरीज करायची तर मी ‘पोहोच’ खूप खाली ठेवेन. पोहोच रेडिओचीही होती. सखल भागांत वीज कापलेली असताना, बॅटरीवरच्या रेडिओवर एबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेचं स्थानिक केंद्र ऐकणारे लोक पोलिसांच्या पानाच्या वाचकांपेक्षा कमी भाग्यवान नव्हते. वयस्कर माणसं, दूरच्या शेतांवरची कुटुंबं, फोनची बॅटरी संपलेले लोक यांच्यापर्यंत फेसबुक गेलंच नाही. जुन्या वाटा बंद करून चालणार नव्हतं आणि त्यांनी केल्याही नाहीत.

माझ्या मते वरचं कारण असं: लोक पुराबद्दल बोलणारच होते, पोलिस तिथे असोत वा नसोत. खातं न उघडण्याने ती चर्चा थांबत नाही, फक्त तीत माहितगार माणसाची खुर्ची रिकामी राहते. दुसरं कारण अगदी कारकुनी आहे आणि म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होतं. एकदा सगळ्यांना दिसेल असं लिहिलेलं उत्तर पन्नास पत्रकारांना पन्नासदा फोनवर द्यावं लागत नाही. आपत्तीत मनुष्यबळ हीच सगळ्यात तुटपुंजी गोष्ट असते. तिसरं कारण प्रतिमेचं. ते कोणी उघड बोलत नाही, पण असतं. पोलिसांवरचा राग क्वीन्सलँडमध्येही होता. उत्तर देणारे, चूक सुधारणारे, मध्यरात्री जागे असलेले पोलिस त्या आठवड्यात लोकांना दिसले. ही कमाई खोटी नव्हती.

किती जीव वाचले, हे मात्र कोणी छातीठोकपणे सांगू नये. टूवूम्बा आणि ग्रँटममध्ये पाणी एवढ्या वेगाने आलं की तिथे कोणतीही पोस्ट वेळेत पोहोचली नसती. फायदा झाला तो ब्रिस्बेनसारख्या ठिकाणी, जिथे पाणी यायला दीड-दोन दिवस होते. या फरकाकडे कौतुकाच्या भरात सहसा कानाडोळा होतो. समाजमाध्यम कामाला येतं ते चढत जाणाऱ्या संकटात. अंगावर कोसळणाऱ्या संकटात सायरन, फोनवरचा इशारा आणि दार ठोठावणारा माणूस लागतो.

तीन आठवड्यांत दुसरी परीक्षा आली. यासी हे पाचव्या श्रेणीचं चक्रीवादळ ३ फेब्रुवारीला मिशन बीचजवळ किनाऱ्यावर धडकलं. त्याआधी केर्न्समधली रुग्णालयं विमानांनी रिकामी करून रुग्ण ब्रिस्बेनला हलवले गेले. या वेळी कक्षाला आणि लोकांना दोघांनाही पान कुठे आहे आणि त्यावर काय मिळतं, ते माहीत होतं. वादळ आधी दिसतं, त्याला वेळापत्रक असतं. पोस्टच्या बटणाचा वाद पुन्हा घालावा लागला नाही.

या प्रकरणाला दहा वर्षांनी एक शेपूट जोडलं गेलं, ते सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी, बातम्यांच्या मोबदल्यावरून ऑस्ट्रेलियन सरकारशी चाललेल्या वादात फेसबुकने त्या देशातल्या वृत्तसंस्थांची पानं एका फटक्यात कोरी केली. जाळं इतकं रुंद टाकलं होतं की त्यात हवामान खातं, पश्चिम ऑस्ट्रेलियाचा अग्निशमन व आपत्कालीन सेवा विभाग आणि खुद्द क्वीन्सलँडचं आरोग्य खातंही सापडलं, तेही कोरोनाच्या साथीत. पानं परत आली, चूक झाल्याचं कंपनीने मान्य केलं. २०११ मध्ये आपल्या वरिष्ठांच्या संमतीतून सुटलेलं बटण परदेशातल्या एका खासगी कंपनीच्या यंत्रावर बसवलेलं होतं. ते चालूच राहील, याची हमी पोलिसांच्या, अग्निशमन दलाच्या किंवा हवामान खात्याच्या हातात नव्हती. फेसबुकवरच्या पोस्ट एव्हाना वेळेच्या क्रमानेही दिसत नव्हत्या. कालचा पूर-इशारा आज दुपारी समोर यावा, ही तक्रार तोवर नेहमीची झाली होती. त्यामुळे ऑस्ट्रेलियातल्या आपत्कालीन सेवा आजही पोस्टच्या जोडीला स्वतःचं संकेतस्थळ, फोनवरचा इशारा आणि एबीसी रेडिओ हे तिन्ही चालू ठेवतात.